तांदळाच्या भाकरीवरची बराखा

हर्णेहून निघायच्या दिवशी बाबांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली शालूकाकीच्या हातात दिली आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन तिच्याकडून मागून घेतली. जीपवाला हॉर्न मारत होता. मला वाटलं, गोळ्या राहिल्या असतील. मागोमाग आत गेले तर बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसत होते. गुडघ्यांनी बसवत नव्हतं, तरी भिंतीला धरून बसले. मी वैतागून म्हटलं, आता काय राहिलं? तर म्हणाले, न्याहारीनंतरचं म्हणायचं राहिलं, हॉर्नच्या गडबडीत तसाच उठलो. जीपमध्ये म्हणा की, मी म्हटलं. ते म्हणाले, जिथे खाल्लं तिथेच बसून म्हणायचं असतं. आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघरात, भांडी सगळी फळीवर पालथी घातलेली, त्यांनी जेवणानंतरची आख्खी प्रार्थना हिब्रूत म्हटली. बाहेर हॉर्न थांबला होता. जीपवाला हर्णेचाच पोर, त्याला बाबांचं ठाऊक होतं.

शालूकाकी, परवा तू फोनवर विचारलंस, "बाबांनी शेवटचं काय खाल्लंनी गो?" आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवला. आवाज काही तुटत नव्हता. आपल्याकडे माणूस गेल्यावर हे विचारतातच, त्यात तुझं काही चुकलं नाही. पण त्याचं उत्तर एका वाक्याचं नाही, म्हणून लिहायला बसले. तुझ्याबरोबर ज्यांनी आपली म्हातारी माणसं उचलून परमुलखात आणली आहेत किंवा आणायचं मनात घोळवत आहेत, त्यांनीही वाचावं. वाचून शहाणे व्हाल असं नाही. मी शहाणी नाही झाले.

ज्यांना आम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. हर्णेत आमचं एकच घर, आणि त्या घराला लागून शालूकाकीचं. काकी हिंदू, आम्ही यहुदी, पण भिंत एक आणि विहीर एक. मासळीच्या लिलावाला बाबा गेले की मासेवाल्या बायका त्यांना लांबूनच सांगायच्या, तुमच्यासाठी बोय काढून ठेवलीय. आम्ही खवल्याचाच मासा खातो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. कोळंबीचा वाटा त्यांच्यापुढे कोणी चुकूनसुद्धा केला नाही.

मी लग्न होऊन इस्रायलला आले त्याला आता जन्म लोटला. नवरा अशेर इथे अश्दोदच्या बंदरात कामाला, घर चौथ्या मजल्यावर, खिडकीतून क्रेन दिसतात आणि त्यांच्यामागे समुद्राची एक पट्टी. एकुलता एक मुलगा नदाव. तो लष्करातून सुटला आणि येशिवात, म्हणजे धर्माच्या पाठशाळेत, शिकायला गेला. आईबापांनी जेवढं देवाचं केलं नाही तेवढं तो करतो. शुक्रवारी घरी येतो. त्याची मराठी मोडकी, पण बाबांशी मराठीतच बोलायचा हट्ट. माझी आई, रिवका, हर्णेला वारली. त्यानंतर बाबा एकटे पडले. काकी डबा देत होती, पण आमच्या जिवाला घोर. मी आले आणि त्यांना उचललं. "इथे मला कोण बोय काढून ठेवील?" असं ते एकदाच म्हणाले. मी म्हटलं, अहो, तो देशच आपला आहे, तिथे सगळंच तुमच्यासाठी काढून ठेवलेलं आहे. कोणत्या तोंडाने बोलले कोण जाणे.

हर्णेला परतायच्या आधी बाबांची नोकरी पोफळीला, कोयनेच्या वीजघरात. माझं बालपण तिथल्या कॉलनीतलं. वीजघर डोंगराच्या पोटात आहे. बाबा सकाळी बोगद्यातून आत जायचे आणि दिवसभराचं आकाश बघायला मिळायचं नाही. पण डबा उघडला की त्यांच्याबरोबरचे चारपाच जण हात आवरून बसायचे. बाबा हात धुणार, भाकरीचा तुकडा उचलणार, बराखा म्हणणार, मग सगळे सुरू करणार. बराखा म्हणजे खाण्याआधी देवाचे आभार. त्यांच्यातले एक सावंतकाका आईला सांगायचे, वहिनी, सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला बसलो तरी माझा हात थांबतो, बायको विचारते काय झालं.

आणि बाबांचं ते नुसतं पुटपुटणं नव्हतं. झाडाच्या फळाला एक बराखा, जमिनीतल्याला दुसरी, पाण्याला वेगळी. केळ्यावर झाडाची म्हणायची नाही हे मला त्यांनी आमच्या परसात शिकवलं. घड काढून झालेली केळ तोडली होती, तिचा सोप, म्हणजे खोडाची साल, हातात धरून म्हणाले, बघ, हिला एकदाच येतं, मग ही संपते, म्हणून हे झाड नव्हे. त्यांचे आजोबा जसं शिकवून गेले तसं. हर्णेत ना हजान, म्हणजे प्रार्थना सांगणारा, ना शाळा, सगळं कानांनी उचललेलं. त्या आजोबांच्या घरात गहू सणासुदीला दिसायचा. रोजची भाकरी तांदळाची. मग रोटीवरची बराखा, हामोत्सी, ती कशावर म्हणणार? भाकरीवरच. आजोबांनी म्हटली, बाबांनी म्हटली. देणाऱ्याचं नाव न घेता खाल्लं तर ते चोरलेलं, हे बाबांचं ठरलेलं वाक्य. आम्ही मुलं बोरं तोंडात टाकायचो तर पाठीत धपाटा.

इथे आल्यावर पहिले काही महिने बरे गेले, खोटं कशाला बोलू. बाबा शुकात, म्हणजे इथल्या बाजारात, माझ्याबरोबर यायचे आणि डाळिंबं हाताळून बघायचे. रॉकेट येण्याचा भोंगा वाजला की आम्ही घरातल्या सुरक्षित खोलीत जाऊन बसायचो. तिथेही ते बिस्किटावर आधी बराखा म्हणायचे आणि मग दात नसलेल्या हिरड्यांनी चघळत बसायचे. नदावला आजोबांचं फार कौतुक. त्याच्या येशिवातल्या मुलांना सांगायचा, माझे सबा, म्हणजे आजोबा, डोंगराच्या पोटातसुद्धा देवाला विसरले नाहीत.

मग तो शुक्रवार. काकी, तू बांधून दिलेलं तांदळाचं पीठ शेवटचं उरलं होतं. मी उकड काढली, भाकऱ्या थापल्या. अशेर शिफ्टला गेलेला. आम्ही तिघंच टेबलाशी. बाबांनी हात धुतले, भाकरीचा तुकडा उचलला, हामोत्सी म्हटली. नदाव ताटाकडे बघत बसला होता. बाबांचं लक्ष गेलं. त्यांनी खुशीत विचारलं, काय रे, आमच्या कोकणी हिब्रूत काही चुकतं काय? चुकत असेल तर सांग, मी आता शिकायला मोकळा आहे. नदाव नको म्हणत होता. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं. खोटं बोलायचं त्याला येत नाही, तेही बाबांकडूनच आलेलं.

तो म्हणाला, "सबा, तांदळाच्या भाकरीवर हामोत्सी नाही म्हणत."

त्याने समजावून सांगितलं, जितकं हळू सांगता येईल तितकं हळू. ती बराखा फक्त गहू, जव अशा पाच धान्यांच्या रोटीवर. तांदूळ त्यांत नाही. तांदळाची बराखा वेगळी. आणि भाकरी खाऊन झाल्यावर बाबा जी लांब प्रार्थना म्हणतात, तीही तांदळाला लागत नाही. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि जन्मभर म्हटली असेल तर? नदावने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी दटावलं, पण बाबा म्हणाले, मी विचारलंय, तिच्याकडे काय बघतोस.

"तर ती फुकट गेली, सबा. देवाचं नाव उगाच घेतल्यासारखं होतं."

बाबांनी हातातला तुकडा ताटात परत ठेवला. रागाने नाही. पाणी प्यायले आणि आज भूक नाही म्हणून उठले.

पुढचे काही दिवस मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, हो, मग नवीन शिका, त्यात काय. बाबा शिकायला बसलेसुद्धा. पण त्या सगळ्या बराखांची सुरुवात एकसारखी. सुरुवात झाली की जीभ सवयीने जुन्याच वाटेला जायची. मध्येच थांबायचे. देवाचं नाव तर घेऊन झालेलं, पुढचं चुकलेलं. चेहरा पांढराफटक पडायचा. मग मी गव्हाचं सगळं आणलं. पाव, पोळ्या, शब्बाथची, म्हणजे विश्रांतीच्या शनिवारची, हल्ला रोटी. म्हटलं, यावर तुमचीच हामोत्सी बरोबर आहे ना? आहे, म्हणाले. म्हणायचे, सुपारीएवढा तुकडा तोंडात ठेवायचे आणि ताट सारायचे. भात करून बघितला, मासे करून बघितले, नारळाच्या दुधातलं चिकन करून बघितलं, ज्याच्या वासाने कॉलनीतली मुलं आमच्या दारात यायची. हात पुढे जायचा आणि वाटेतच थांबायचा. काय म्हणायचं ते ठरत नाही, आणि न म्हणता खाणं म्हणजे चोरी. झाला की नाही पेच? माणूस भरल्या ताटापुढे उपाशी.

दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी, फोटो, सगळं झालं. घशात काही नाही, पोटात काही नाही. एक गोड बोलणारी बाई आली आणि नैराश्याची प्रश्नावली घेऊन बसली. तुम्हाला आयुष्याबद्दल कृतज्ञता वाटते का, असा एक प्रश्न होता. मी तो बाबांना मराठीत सांगायला नकार दिला. त्या बाईची चूक नाही, पण मला तिच्या हातातला कागद फाडावासा वाटला. घरी डब्यातली पावडर दुधात कालवून देत होते. त्यावरही काय म्हणायचं ते बाबांना ठाऊक नव्हतं. आपल्या नातेवाइकांचे सल्ले वेगळेच. कोणी म्हणालं हट्ट आहे, कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं भूक लागली की खाईल आपसूक. मी सगळ्यांना फोनवर धुऊन काढलं. निम्मे अजून बोलत नाहीत माझ्याशी, बरंच आहे.

नदावने त्याच्या गुरुजींना घरी आणलं. मोठा दयाळू माणूस, पांढरी दाढी, बाबांचा हात हातात धरून बसला. म्हणाला, देव अंतःकरण बघतो, तुमच्या आजोबांनी शिकवलं तसं तुम्ही केलंत, ते प्रेमाने केलंत. नदाव मराठीत सांगत होता. बाबांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "गुरुजींना सांग, मी वीजघरात होतो. तिथे मनातून बटण दाबलं तर मशीन चालू होत नाही." गुरुजी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांच्या कामात जवळपास बरोबर असं काही नव्हतंच. एकतर दिवा लागला, नाहीतर नाही लागला.

नदावचंही खाणं सुटलं. शुक्रवारी यायचा आणि ताटाशी नुसता बसायचा. घरात दोन न जेवणारे पुरुष आणि मी एकटी वेड्यासारखी रांधतेय. एकदा भांडी पुसता पुसता त्याने विचारलं, इमा, मी खोटं सांगायला हवं होतं का? मी त्याची आई आहे, मला उत्तर द्यायला हवं होतं. मला आजही ते येत नाही. हो म्हणावं तर मुलाचा धर्म खोटा, नाही म्हणावं तर माझा बाप मेला तरी चालेल.

पुढे बाबांचे खांद्याचे वाटे दिसायला लागले. अंघोळ घालताना पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यावेत असे. एका दुपारी मी पेज केली, वर तूप घातलं, समोर ठेवली. त्यांनी वाटीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. माझा ताबा सुटला. मी ती वाटी सिंकमध्ये आदळली. ओरडले, मरायचंय का तुम्हाला? तेवढं तरी सरळ सांगा, म्हणजे मी रांधायची थांबते. एका धान्यापायी जीव देणारा माणूस मी बघितला नाही. असलं बरंच बोलले.

बाबांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, बस. मी बसले.

"तुझ्या आईने जन्मभर भाकऱ्या थापल्यान. मी तिला एकदाही म्हटलं नाही की बरी झालीय. आपल्यात म्हणत नाहीत. मला वाटायचं, मी वर सांगतोय ना रोज, तेवढं पुरे. आता कळतंय, वर काही गेलंच नाही. तिला मी सांगितलं नाही, आणि देवाला पोचलं नाही. मग बाय, तिच्या भाकरीचं कोणी काय म्हटलं? कोणीच नाही. आणि आता ती नाही."

काकी, तेव्हा मला कळलं की हा पेच बराखेचा नव्हता. नवीन बराखा शिकून काय होणार होतं? गव्हाच्या पावावर बरोबर म्हटली की प्रत्येक वेळी त्यांना आईच्या भाकरीची आठवण यायची, जिच्यावर कधीच बरोबर म्हटली गेली नव्हती. माझा नवरा, माझा मुलगा, डॉक्टर, गुरुजी, सगळे बाबांच्या जिभेवरची चूक काढत बसलो होतो. मी तिथे त्यांच्या पायाशी बसून होते. काय सांगणार? आईला समजत होतं, असं म्हणावं तर मला तरी काय ठाऊक. मी उठून सिंकमधली पेज धुऊन टाकली.

त्यानंतर बाबांनी पाणीही कमी केलं. एका सकाळी उठवलं तर उठेनात, शेजाऱ्याने हात दिला म्हणून खाली नेता आलं. इस्पितळात नाकातून नळी घातली. शुद्ध आल्यावर त्यांनी ती हाताने ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मी हात धरून विनवण्या केल्या. ते एवढंच म्हणाले, "नळीतून जातं त्यावर काय म्हणायचं गो?" मग रशियाहून आलेल्या डॉक्टरीणबाईने मला बाहेर बोलावलं. पोटाला भोक पाडून तिथून कायमची नळी घालता येईल, हात बांधावे लागतील, सही करा. नाही केली तर थोडेच दिवस. संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाली. एवढी दमले होते की तो कागद मी पर्समध्ये घातला आणि बसने घरी येऊन पेज शिजत टाकली. दुसरं काही करता येत नव्हतं.

दुपारी डबा घेऊन परत गेले. नदाव खाटेच्या पायथ्याशी उभा होता. बाबा डोळे मिटून पडलेले. मी डब्याचं झाकण काढलं आणि गरम तांदळाचा वास आला, आणि कुठून कोण जाणे, मला पोफळीचं स्वयंपाकघर आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मी शाळेतली. आई उकड मळत होती. बाहेरच्या खोलीत बाबा जेवायला बसलेले आणि त्यांची हामोत्सी चाललेली. आई हात तसेच पिठात ठेवून थांबली. संपेपर्यंत थांबली. मग मला म्हणाली, "तुझे बाबा काय म्हणतात ठाऊक आहे? देवा, रिवकाने भाकरी बरी केलीन." मी खो खो हसले. मी म्हटलं, आई, तसं नाही, बाबांनी मला अर्थ सांगितलाय. तर मला पिठाचा हात दाखवून म्हणाली, "गप गो. रोज भाकरी हातात घेऊनच म्हणतात ना? मग दुसरं काय म्हणणार?" आणि पुन्हा मळायला लागली. तिला हिब्रूचं अक्षर येत नव्हतं आणि माझ्याकडून शिकायचंही नव्हतं.

हे मी बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं. जसं झालं तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. बाबांनी डोळे उघडले.

"असं म्हणालीन?"

"असंच. मी अर्थ सांगायला गेले तर मला गप केलीन."

"तिला वाटायचं, मी तिचं सांगतोय."

"रोज, बाबा. जन्मभर. पिठातले हात थांबवून ऐकायची."

बाबांनी डोळे पुन्हा मिटले. डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर गेलं, मी पुसलं नाही. मग म्हणाले, मला वर कर. नदाव आणि मी मिळून त्यांना उशांना टेकवून बसवलं. मी चमचा पुढे केला. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तोंडाने हामोत्सी सुरू केली. तीच जुनी. पेजेवर. भाकरीवर चूक, तर पेजेवर दुप्पट चूक. बाबांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि नदावला तर आम्हा दोघांपेक्षा जास्त. श्वास पुरत नव्हता, मध्ये दोनदा थांबले, पण पूर्ण म्हटली. नदावने खाटेचा दांडा घट्ट धरला होता. आणि बाबा जेवले. चार-पाच चमचे गेले असतील. प्रत्येक घोट गळ्यातून खाली जाताना मी बघत होते. मग म्हणाले, मीठ कमी आहे.

तर काकी, बाबांनी शेवटची पेज खाल्ली, आणि मीठ कमी होतं.

त्या कागदावर मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण गिळता येईना. उपासाने आतलं सगळं थकून गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता मूत्रपिंडं ऐकत नाहीत. आठवडा उलटायच्या आत बाबा गेले. मातीत ठेवलं ते अश्दोदच्या बाहेर, वाळूच्या जमिनीत, जिथे एक कातळ दिसत नाही. सगळे म्हणाले, पवित्र भूमीत गेले, भाग्यवान. मी मान हलवली.

मला झोप येत नाही ती बाबा गेले म्हणून नाही. म्हातारे होते, जाणारच होते. झोप येत नाही ती याच्यासाठी की आईचं ते बोलणं पूर्ण वेळ माझ्याच डोक्यात होतं. त्या शुक्रवारीसुद्धा होतं. मी वाटी आदळली तेव्हा होतं. सिंक धूत होते तेव्हा होतं. बाबा माझ्यासमोर वाळत होते आणि त्यांचं औषध माझ्या आत कुठेतरी पडून होतं, आणि मी पावडरी कालवत होते. हर्णेला असते तर? ते शेगडीसमोरचं बसणं, ती उकड, तू कुंपणावरून आईचं नाव घेतलं असतंस, कोणत्या तरी निमित्ताने वेळेवर आठवलं असतं. इथे आठवायला काहीच नव्हतं. इथल्या स्वयंपाकघरात आई कधी उभीच राहिली नाही.

लोक विचारतात, आता कोणतं घर तुझं? पूर्वी मी पटकन अश्दोद म्हणायचे. कागदावर तेच आहे. आता मला वाटतं, घर म्हणजे जिथे तुमचं चुकलेलं कोणी तरी बरोबर समजून घेतं. तसं एक स्वयंपाकघर होतं, पोफळीला, आणि मग हर्णेला. ते मी स्वतःच्या हाताने बंद करून आले. बाबांना घेऊन येताना मला वाटलं होतं, माणूस आणला की सगळं आलं.

गेल्या शुक्रवारी नदाव आला. मी इथल्या दुकानातल्या पिठाच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्याने तांदळाची बराखा म्हटली, अगदी बरोबर म्हटली. जेवला. शेवटचं काय म्हणायचं तेही म्हणून झालं. तरी उठला नाही. मग मला म्हणाला, इमा, आजीला काय वाटायचं ते परत सांग. मी सांगितलं. तो मनात घोळवत राहिला, आणि मग त्याच्या त्या मोडक्या मराठीत, भाकरीच्या उरल्या तुकड्याकडे बघत म्हणाला, "देवा, लेआने भाकरी बरी केलीन."

लेआ म्हणजे मी. माझं नाव असं कोणी देवापुढे घेतलं नव्हतं. मी उठले, तव्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिले. भाकरी बरी झालीच नव्हती, काकी. कडेला सगळी चिरली होती. आणि तरी नदावने हे म्हटलं, ते मला बाबांना सांगायचंय.